चार पंख आणि मागची शेड : पॅन-पॅसिफिकच्या प्रकल्प नोंदी

११ मे २०२५, रविवार

भाचीनं लॉस एंजलिसहून फोटो पाठवला. ती सकाळी ज्या बागेत पळायला जाते, तिथल्या खेळाच्या इमारतीवर एक उंच पंख उभा केलाय. कडा गोल, अंगावर आडव्या पट्ट्या, डोक्यातून झेंड्याची काठी निघालेली. खाली लिहिलंय : "मामा, हे एकटंच कशाला? मागच्या इमारतीशी त्याचं काही नातंच दिसत नाही."

बागेचं नाव पॅन पॅसिफिक पार्क, एवढ्यावरून उत्तर सापडलं. तिथं पूर्वी असलेल्या, पाडलेल्या, नव्हे जळालेल्या पॅन-पॅसिफिक सभागृहाला असे चार पंख होते. त्यांची आठवण म्हणून २००२ साली नव्या इमारतीवर एक लहान आकारात बसवला.

मी बत्तीस वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, लाकडी पॅटर्न (ओतायच्या वस्तूचे नमुने) करून दिले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, हत्यारं तेलात ठेवलीयत आणि हात खाजतात. ठरवलं, याचं मॉडेल करायचं. फक्त दर्शनी भाग. १:१०० माप. पावसाळ्याच्या आत संपवायचं.

१८ मे, रविवार

आज बरोबर नव्वद वर्षं. १८ मे १९३५ ला पॅन-पॅसिफिक ऑडिटोरियम बॉय स्काउटांच्या बिगुलांवर उघडलं. पहिल्या कार्यक्रमात गाणं नव्हतं, नाटक नव्हतं. घरांचं प्रदर्शन होतं, सोळा दिवसांचं. मंदीत घरबांधणी बसलेली, तेव्हा लोकांना नवी घरं दाखवायला एवढी मोठी जागा उभी केली. म्हणजे करमणुकीच्या या वास्तूचा जन्म आपल्याकडच्या 'गृहप्रदर्शन, प्रवेश विनामूल्य' छापाचा. फक्त तंबूऐवजी एक लाख चौरस फूट.

बांधणारे दोघे भाऊ, फिलिप आणि क्लिफ हेंडरसन. कार्यक्रम भरवणं हाच धंदा. क्लिफ हेंडरसन १९२८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई शर्यतींचा कर्ताधर्ता होता. हे वाचलं आणि ते पंख कुठून आले ते डोक्यात बसलं. विमानाच्या शेपटीवर जो उभा पंख असतो, तोच मागे झुकवून दारावर चार वेळा लावलाय. तो काळच तसा. त्याच वर्षी १७ डिसेंबरला, शेजारच्या सांता मोनिकात, डग्लस कंपनीचं डीसी-३ हे प्रवासी विमान पहिल्यांदा उडालं. ज्या गावात विमानं बनतात, त्या गावातल्या सभागृहाला विमानाचं तोंड.

वास्तुरचना वॉल्टर वुर्डमन आणि वेल्टन बेकेट यांची. दोघे तेव्हा जेमतेम तिशीतले.

या शैलीला स्ट्रीमलाइन मॉडर्न म्हणतात. कोपरे गोल, नक्षी नाही, भिंतीवर आडव्या रेषा, जणू वारा घासून गेलाय. मुंबईच्या माणसाला हे सांगायला नको. कुलाब्याचं रीगल १९३३ चं, चर्चगेटसमोरचं इरॉस १९३८ चं, आणि पॅन-पॅसिफिक त्यांच्या मधलं. तीन भावंडं. पण इरॉसचा कोपरा बघितला की कळतं, ही इमारत रस्त्याच्या वळणावरून आत खोलवर गेलीय. पॅन-पॅसिफिकच्या फोटोत मात्र सगळं समोरच आहे. बाजूनं घेतलेला फोटो अजून एकही हाती लागला नाही. लोकांनी घेतलेच कमी असणार.

एक पक्कं माप मिळालं : दर्शनी बाजू पश्चिमेला तोंड करून, लांबी २२८ फूट. म्हणजे ६९.५ मीटर. मॉडेलवर ६९.५ सेंटिमीटर.

२५ मे

पहिला आराखडा काढला आणि लगेच फाडला. लांबी ७०.२ सेंमी आली. दोनदा मोजली, तरी ७०.२.

मग हसू आलं. मी हाताला आली ती पट्टी घेतली होती, आणि माझ्या कपाटातल्या पट्ट्या पॅटर्नवाल्याच्या. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून आमची पट्टी तेवढी लांब आखलेली असते. पॅटर्न नेहमी वस्तूपेक्षा मोठा. नव्वद वर्षांपूर्वीचं अमेरिकन सभागृह मी ओतायला काढल्यासारखं एक टक्का फुगवून ठेवलं होतं. बायको म्हणाली, "निवृत्ती कागदावरच झालीय तुमची." पोराची शाळेतली पट्टी घेतली.

३१ मे

फोटोंवरून मापं काढण्यात आठवडा गेला. पद्धत जुनीच आहे. एक माप खात्रीचं असलं की बाकीची त्याच्या पटीत बसवायची. पण अट अशी, की फोटो अगदी समोरून हवा. तिरक्या फोटोत जवळचा पंख मोठा, लांबचा लहान. चारही एकाच मापाचे आहेत हे आपल्याला माहीत असतं, म्हणून त्यांच्यातल्या फरकावरूनच कॅमेरा किती तिरका होता ते काढता येतं. मग दारात उभ्या माणसांवरून पडताळा. १:१०० मध्ये साडेपाच फुटी माणूस सतरा मिलिमीटरचा होतो. दोन्ही हिशोब जुळले की पुढं जायचं.

पंखाचा आकार वाटला तेवढा सोपा नाही. समोरून तो खांब दिसतो. बाजूनं बघितलं तर तो पातळ पातं आहे, भिंतीला काटकोनात. समोरची कड कमानीसारखी फुगत वर जाते आणि काठीत मिळून जाते. म्हणजे काठी पंखावर रोवलेली दिसत नाही, पंखच निमुळता होत होत काठी झालाय. ज्यानं कुणी कागदावर पहिल्यांदा ही रेघ ओढली, त्याचा हात त्या दिवशी चांगला चालत होता.

८ जून

पाऊस या वर्षी मेमध्येच आला. एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) कडा दोन दिवसांत फुगल्या. सगळं रद्द.

भिंतीला आता सनबोर्ड, हलका प्लास्टिकचा पत्रा. पंखांना सागवान, जुन्या पॅटर्नच्या तुकड्यांतून. तीस वर्षं वाळलेलं लाकूड आहे, पाऊस त्याचं काही करणार नाही.

१५ जून

भिंतीवरच्या आडव्या पट्ट्या लेसरवर कापायला दिल्या होत्या. आरशातल्यासारख्या उलट्या आल्या, गोल कोपरा डावीऐवजी उजवीकडे. दुकानदार म्हणतो फाइल तशीच होती. फाइल मी तीनदा तपासलीय. वाद घालायचं वय गेलं. पट्ट्या उलट्या करून वापरल्या, दोन्ही बाजू सारख्याच असल्यानं निभावलं.

२२ जून

रंग. वर्णनात "हिरवा आणि पांढरा" एवढंच मिळतं आणि १९३५ चे फोटो सगळे कृष्णधवल. कृष्णधवल फोटोत रंग नसतो, फक्त उजेड असतो. फिका हिरवा आणि फिका निळा शेजारी ठेवले तर राखाडी सारखाच येऊ शकतो. सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो आहेत, पण त्यात उन्हानं आणि दुर्लक्षानं उडालेला रंग. त्याच्यावर विश्वास ठेवणं म्हणजे माणूस म्हातारपणी कसा दिसतो त्यावरून लग्नातला फोटो रंगवणं.

भाचीला बागेतल्या पंखाशेजारी पांढरा कागद धरून फोटो काढायला सांगितलं, म्हणजे उजेडाचा तरी हिशोब लागेल. तिनं काढला. पण तो २००२ चा रंग, १९३५ चा नव्हे. शेवटी चार छटा लाकडाच्या तुकड्यांवर लावल्या, गच्चीत भर उन्हात ठेवल्या आणि त्यांचा कृष्णधवल फोटो घेऊन जुन्या फोटोशी ताडला. तिसरी छटा जुळली : कोवळ्या भाताच्या रोपाचा हिरवा, त्यात थोडं दूध ओतल्यासारखा.

२९ जून, रविवार

दर्शनी भाग पूर्ण. चार पंख, चार काठ्या (शिलाईच्या सुया), दोन्ही अंगांच्या गोल भिंती, छज्जा, त्यावर नावाची अक्षरं. स्वतःच्या तोंडानं सांगतो, चांगलं झालंय. दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवून खालून मोबाइलचा दिवा लावला तर क्षणभर १९३५ ची रात्र वाटते.

संध्याकाळी आण्णा आले. माझ्याबरोबर फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे साचे करायला, होते. चहा पिऊन झाल्यावर उठले, मॉडेलच्या मागं गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "तोंड झालं की. धड कुठं हाय?"

मी म्हणालो, फक्त तोंडच करायचं होतं.

"पॅटर्न केलास, कोअर नाही केलास," म्हणाले आणि चप्पल घालून गेले.

आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट बोलता येत नाही. पॅटर्ननं बाहेरचा आकार मिळतो, पण वस्तूची आतली पोकळी देतो तो कोअर. पंपाचं घ्या, नळाचं घ्या, काम करते ती पोकळी. कोअर विसरलेलं ओतकाम म्हणजे लोखंडाचा गोळा. दिसतो पंपासारखा, पाणी ओढत नाही.

६ जुलै

आठवडाभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून आत काय होतं ते वाचायला बसलो.

आत शेड होती. सरळ सांगायचं तर लाकडी सांगाड्याची एक प्रचंड आयताकृती शेड. वाढलेल्या व्यायामशाळेसारखी, बाहेरून आणि आतूनही. पंख, गोल भिंती, अक्षरं, सगळी कलाकुसर पश्चिमेच्या त्या २२८ फुटांत खर्च केली होती. कोपऱ्यावरून वळलात की कोठार.

पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं. दोन महिने मी मुखवट्यावर पॉलिश पेपर घासत होतो!

पण मग आत जे जे झालं त्याची यादी लिहायला घेतली आणि वहीचं पान पुरेना. १९३६ मध्ये लिओपोल्ड स्टोकोव्स्कीनं तिथं वाद्यवृंदाचं संचालन केलं. त्याच जमिनीवर बर्फ गोठवून आइस हॉकी, लॉस एंजलिस मोनार्क्स या संघाचं ते घरचं मैदान. बर्फावरचे नाच. दोन विद्यापीठांचे बास्केटबॉलचे सामने. टेनिस. सर्कस. मोटारींची प्रदर्शनं. चाळीसच्या दशकात श्रोत्यांसमोर होणारे रेडिओचे कार्यक्रम, पन्नासच्या दशकात टीव्हीवर दाखवलेल्या कुस्त्या. ऑक्टोबर १९५२ मध्ये आयझेनहॉवर भाषणाला आले, राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून यायच्या महिनाभर आधी. सहा हजारांच्या जागेत दहा हजार माणसं. २८ आणि २९ ऑक्टोबर १९५७ ला एल्विस प्रेस्ली. पहिल्या रात्री तो रंगमंचावर असा काही लोळला, की पोलिसांनी दुसऱ्या रात्रीसाठी तंबी दिली आणि कॅमेरा घेऊन येऊन बसले. १९६० मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन.

एकाच फरशीवर बर्फ, हत्ती, मोटारी आणि उपराष्ट्राध्यक्ष. हे कशामुळे शक्य झालं? आत काहीच नव्हतं म्हणून. बांधून काढलेला रंगमंच असता, उतरती बैठक असती, खांब असते, तर यातलं निम्मं झालं नसतं. आपल्या कोल्हापूरच्या खासबागेत मातीचा हौदा आहे, तिथं कुस्तीच होणार. नाट्यगृहात नाटकच. शेडला स्वतःचं म्हणणं नसतं.

हेंडरसन बंधू याबाबतीत पक्के धंदेवाले. जिथून पैसा येतो तिथं, म्हणजे आत, मोकळी जागा ठेवली. जिथून माणूस येतो तिथं, म्हणजे रस्त्यावर, पंख लावले. बेव्हर्ली बुलेव्हार्डवरून माणूस मोटारीतून जाणार, त्याला बघायला चार सेकंद. चार सेकंदांत ओळख पटायची तर नक्षी कामाची नाही, बाह्यरेषाच हवी. म्हणून ते पंख एवढे मोठे आणि एवढे साधे. ही कंजुषी म्हणावी का? मला तरी आता ती वाटत नाही. पैसा कुठं दिसायला हवा हे ज्याला कळतं तो चांगला डिझायनर.

१३ जुलै

धड करायचं. निर्णय झाला.

अडचण : १:१०० मध्ये एक लाख चौरस फूट म्हणजे बरोबर दहा चौरस फूट. एवढं टेबल घरात नाही, आणि असतं तर त्यावर जेवलो असतो. १:२०० केलं तर अडीच चौरस फूट. परवडतं. पण मग दर्शनी भाग ६९.५ चा ३४.७ सेंमी होतो, म्हणजे जे झालंय ते सगळं बाद.

बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, की जुनं टाकून देऊ नका, कपाटावर ठेवा.

१९ जुलै

१:२०० चं नवं तोंड आठ दिवसांत उतरलं. पहिल्याला सात आठवडे लागले होते. हात शिकलेला असतो, डोकं उगाच श्रेय घेतं.

पंखांच्या आडव्या पट्ट्या या मापात कोरता येत नाहीत. दोऱ्याचे वेढे दिले, वरून पातळ पुट्टी.

२७ जुलै, रविवार

छप्पर. मधे खांब नको आणि गाळा मोठा, म्हणजे कैच्या, छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, आल्या. लाकडाच्या कैचीची गंमत ही, की तिच्यात एकही तुकडा मोठा नसतो. बारीक बारीक दांड्यांचे त्रिकोण. काही दांड्या दाबल्या जातात, काही ताणल्या जातात आणि सगळ्या मिळून एवढं अंतर पेलतात, जे एका अखंड तुळईला पेललं नसतं. आईस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून दोन मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या. एका कैचीला एकवीस तुकडे. पहिली करायला चार तास.

करताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. कैची जितकी हुशार, तितकी आगीपुढं दुबळी. जाड तुळई जळताना बाहेरून कोळसा होते, तो कोळसाच आतल्या लाकडाला काही वेळ राखतो. बारीक दांड्यांना तो आधार नाही. त्यांच्या चारही बाजूंना हवा. एक सांधा सुटला की त्रिकोण मोडतो, आणि त्रिकोण मोडला की कैची राहत नाही, काड्या राहतात. त्यात खाली एवढी मोठी मोकळी जागा. ज्वाळा छपराच्या पोटाला लागली की तिला अडवायला आडभिंत नाही. जे रिकामेपण सर्कशीला चालत होतं, तेच आगीला चाललं.

३ ऑगस्ट

शेवटाचा क्रम लावून ठेवतो, नाहीतर मॉडेलवर कोणतं वर्ष लिहायचं हे ठरणार नाही.

१९५९ मध्ये लॉस एंजलिसला मेमोरियल स्पोर्ट्स अरीना उघडलं, सोळा हजारांच्या आसपास बैठक. पॅन-पॅसिफिकचे मोठे खेळ तिकडे गेले. या नव्या इमारतीचे वास्तुकार कोण? वेल्टन बेकेटची कंपनी. वुर्डमन १९४९ मध्येच वारले होते. पुढं बेकेटचं नाव फार मोठं झालं, कॅपिटॉल रेकॉर्ड्सचा गोल मनोरा त्यांच्याच कंपनीचा. माणसानं तिशीत केलेल्या कामाचं गिऱ्हाईक पन्नाशीत स्वतःच पळवलं. पॅटर्नच्या धंद्यात हे मी रोज पाहिलंय, नवा पॅटर्न आला की जुना माळ्यावर. आणि ते स्पोर्ट्स अरीनाही २०१६ मध्ये पाडलं.

१९७१ मध्ये शहराचं कन्व्हेन्शन सेंटर झालं. आता प्रदर्शनंही गेली. खेळ आधीच गेलेले. १९७२ मध्ये पॅन-पॅसिफिक बंद.

मग सतरा वर्षं रिकामं. माल चढवा-उतरवायचं आग्नेय कोपऱ्यातलं मोठं दार बऱ्याचदा उघडंच असायचं, कुणीही आत जावं. १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत नाव चढलं. आपल्याला वाटतं नाव चढलं म्हणजे वाचलं. अमेरिकेतल्या या नोंदवहीनं मान मिळतो, आणि केंद्र सरकारच्या पैशानं काही होणार असेल तर आधी विचार करावा लागतो. मालकानं छप्पर दुरुस्त केलंच पाहिजे, दार लावलंच पाहिजे, असं ती सांगत नाही. सिनेमावाले मात्र येत राहिले, १९८० च्या एका संगीतिकेत हे तोंड भरपूर दिसतं. तोंडाला मागणी होती. धडाला नव्हती.

मे १९८३ मध्ये पहिली आग. लहान होती, इशारा म्हणून पुरेशी. २४ मे १९८९ च्या संध्याकाळी दुसरी. साऱ्या लॉस एंजलिस खोऱ्यातून धूर दिसत होता. चोपन्न वर्षं आणि सहा दिवस.

याच्या बरोबर तेवीस दिवस आधी, १ मे १९८९ ला, देशाच्या दुसऱ्या टोकाला फ्लोरिडात डिस्नीचं नवं उद्यान उघडलं होतं. त्याच्या प्रवेशद्वाराला पॅन-पॅसिफिकचे पंख, ताजा रंग दिलेले. खऱ्याला आग लागली तेव्हा नकलेखालून लोक तिकिटं काढून आत जात होते. पुढं कॅलिफोर्नियातल्या डिस्नीच्या उद्यानालाही तसंच दार आलं. आणि बागेतला तो एकटा पंख. सगळीकडे पंखच. शेडची नक्कल कुणी केली नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज काम केलं नाही.

गेल्या वर्षी याच रात्री आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं, १९१५ चं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी मिरजकर तिकटीपर्यंत चालत गेलो होतो, पुढं पोलीस सोडत नव्हते. छप्पर गेलं, रंगमंच गेला. दगडी भिंती उभ्या राहिल्या. गर्दीतला एक जण सारखं म्हणत होता, "भिंती हायत अजून, भिंती हायत." त्याच्या शेजारी उभा असलेला म्हातारा रडत होता. त्यानं त्या रंगमंचावर काम केलेलं असावं, भिंतींवर नव्हे.

१० ऑगस्ट

तिसरी आणि चौथी कैची.

१५ ऑगस्ट

तालमीची पोरं गणपतीच्या वर्गणीला आली आणि कपाटावरचं जुनं १:१०० चं तोंड त्यांनी बघितलं. "काका, ही कमान आम्हाला द्या की." यंदा मंडपाला काय करायचं ठरत नव्हतं. राजवाडा गेल्या वर्षी झाला, किल्ला त्याच्या आधी.

मी म्हटलं, हे एका सभागृहाचं तोंड आहे, मागं साधी शेड होती. एक पोरगं पटकन म्हणालं, "मग आमचं काय वेगळं हाय? मागं पत्राच हाय."

मला दोन महिने लागले होते तिथं पोचायला.

१८ ऑगस्ट

मंडपाची कमान चोवीस फूट. म्हणजे मूळच्या साधारण दहाव्या हिश्शानं. बांबूचा सांगाडा, त्यावर प्लाय, गोल भिंतींना कापड ताणून. मंडपवाल्याला पंखाची फुगीर कड जमेना, प्लाय वाकायला तयार नाही. त्याला मागच्या बाजूनं दर दोन इंचांवर करवतीच्या अर्ध्या खाचा द्यायला सांगितल्या. खाचा दिल्या की प्लाय केळीच्या पानासारखं वळतं. त्यानं दोन पंख केले, उरलेले दोन पोरांनी.

रंगावरून वाद झाला. पोरांना भगवा हवा. मी गप्प बसलो. शेवटी दोन पंख भगवे, दोन हिरवे, नाव तालमीचं. पट्ट्या मात्र पांढऱ्याच राहिल्या.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

संध्याकाळी दिवे लावले. रस्त्याच्या टोकावरून बघितलं. चार पंख पावसात चमकत होते आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये आरती चाललेली, आत पाय ठेवायला जागा नव्हती. रिक्षावाले वेग कमी करून बघत होते. चार सेकंद.

भाचीला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर : "मामा, हे काय भलतंच!! इथल्या पार्कवाल्यांना दाखवू का?" दाखव म्हटलं.

आण्णाही आले होते. कमान बघून काही बोलले नाहीत, पण आत जाऊन मंडपाची लांबी पावलांनी मोजत होते, ते मी बघितलं.

७ सप्टेंबर

काल विसर्जन. कमान आज सकाळी उतरवली, बांबू मंडपवाल्याचे, प्लाय परत गेलं. करवतीच्या खाचा दिलेलं प्लाय तो घेईना, म्हणाला आता हे कशाच्या कामाचं. पंखांचा तो माल तालमीच्या मागं भिंतीला टेकवून ठेवलाय.

१४ सप्टेंबर, रविवार

सहावी कैची बसली. बाजूच्या भिंती साध्या ठेवल्या, रंग फक्त पांढरा, खिडक्या मोजक्या. आग्नेय कोपऱ्यातलं मोठं दार बिजागरीवर केलं, उघडतं आणि बंद होतं. छप्पर सुटं ठेवतोय, उचललं की आत दिसावं. १:२०० मध्ये माणूस आठ मिलिमीटरचा. आत कोणता दिवस मांडायचा यावर घरात मतं आहेत. बायको म्हणते सर्कस, भाची म्हणते एल्विस. मी घरांचं प्रदर्शन म्हणतो, पण छोटी घरं करायची म्हणजे पुन्हा तीन महिने.

सातव्या कैचीला काड्या कमी पडल्या. कोपऱ्यावरच्या आईस्क्रीमवाल्याकडून आणायच्या आहेत. तो पाकीट सोडून सुट्या देत नाही, पाकिटात शंभर. लागणार सत्तेचाळीस.